कॅटलॉगात १८,००० अन् दुकानदार म्हणतो ३,५००, मग खरा भाव कुठला?

तासगावकडच्या एका पोराचा प्रश्न आलाय, आधी तो थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली, तळाला सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली जुन्या नोटा निघाल्या. सहाव्या जॉर्जचं चित्र असलेली शंभरची एक, चिंतामणराव देशमुखांच्या सहीची. होडीवाली मोठी दहाची एक. एक रुपयाची १९८४ सालची अख्खी गड्डी, आणि ट्रॅक्टरवाल्या पाचच्या सात-आठ. कॉलेजातल्या सरांकडनं जुना कॅटलॉग आणून बघितला तर शंभरच्या नोटेला १८,००० लिहिलंय, सांगलीत दाखवली तर दुकानदार म्हणाला ३,५०० देतो. एक रुपयाची नोट कॅटलॉगात ६० ला म्हणून गड्डीचे ६,००० धरले, तर दुकानदार १,८०० म्हणतोय. आणि मोबाईलवरच्या व्हिडिओत ट्रॅक्टरवाल्या नोटेला पाच लाख. "काका, यातलं खरं कोण बोलतंय?" असं विचारलंय.

तर बाळा, कॅटलॉग खोटं बोलत नाही आणि तो दुकानदारपण तुला फसवत नाही, निदान या वेळी तरी नाही. खोटा आहे तो फक्त व्हिडिओ. पण कॅटलॉग जे सांगतोय ते तू वाचलंच नाहीस, तू शेवटच्या रकान्यातला आकडा वाचलास.

माझी ओळख एवढीच की साखर कारखान्यात अकाउंट्सला ३१ वर्षं काढली आणि त्यातली निम्मी वर्षं कामगारांचा पगार रोखीनं वाटला. बँकेतनं कोऱ्या गड्ड्या यायच्या, मी रात्री त्यातले नंबर बघत बसायचो आणि एखादा चांगला नंबर दिसला की माझ्या खिशातली नोट घालून ती बाजूला काढायचो. तिथनं हा नाद लागला. नंतर विट्याकडच्या गलाईवाल्या घरांतनं खूप माल बघायला मिळाला, कारण ही माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात केरळपासनं बंगालपर्यंत पसरलेली, त्यामुळं त्यांच्या ट्रंकांत असल्या नोटा निघतात की आपल्याकडच्या बँकेत कधी आल्याच नसतील. मी डीलर नाही, पण घेतल्यात आणि विकल्यातही भरपूर, आणि दोन्हीकडनं चुकलोय.

आता मुद्द्यावर. कॅटलॉगमध्ये एका नोटेपुढं दोन-तीन किंवा जास्त रकाने असतात आणि प्रत्येक रकाना नोटेच्या अवस्थेचा असतो. फाईन, व्हेरी फाईन, एक्स्ट्रा फाईन आणि शेवटी अनसर्क्युलेटेड, ज्याला आपण सगळे यूएनसी म्हणतो, म्हणजे जी कधी व्यवहारात फिरलीच नाही, करकरीत, एकही घडी नाही. १८,००० त्या रकान्यातले आहेत. तुझी नोट तू पाठवलेल्या फोटोवरनं मला फाईन दिसतीय, फार तर फाईनच्या थोडी वर. उभ्या तीन घड्या, मधोमध एक आडवी, त्या जिथं एकमेकांना छेदतात तिथं शाई उडून पांढरं झालंय, उजवा वरचा कोपरा गोल झालाय आणि डाव्या बाजूला टाचणीची पाच-सहा भोकं. मागच्या बाजूला कुणीतरी शाईनं बारीक आकडा लिहिलाय, बहुतेक गड्डी मोजणाऱ्या कॅशियरनं. त्या पानावर परत जा आणि फाईनचा रकाना बघ, तिथं १८,००० नसणार, त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाचा आकडा असणार. आणि तोही दुकानदार गिऱ्हाइकाला ज्या भावानं *विकेल* तो, तुझ्याकडनं ज्या भावानं घेईल तो नव्हे. हे लोक कायम विसरतात. कॅटलॉगची किंमत म्हणजे साधारण दुकानातली विक्रीची किंमत असती, तीही कॅटलॉग छापला त्या वर्षाची. दुकानदाराला त्यातनं भाडं काढायचंय, माल पडून राहिला तर व्याज सोसायचंय, आणि दहा गिऱ्हाइकांतली नऊ नुसती बघून जातात. माझ्या अनुभवात लगेच खपणाऱ्या नोटेला डीलर विक्रीच्या भावाच्या निम्मे-साठ टक्के देतो, ज्याला गिऱ्हाईक शोधावं लागतं त्याला चौथाई, आणि कॅटलॉगात पन्नास-शंभरच्या आत असलेल्या नोटेला खरेदीचा भावच नसतो, कारण ते पन्नास रुपये नोटेचे नसतात, ती नोट शोधून, पाकिटात घालून, तुझ्या हातात देण्याची मजुरी असती ती. तुझा कॅटलॉग जुना आहे, तेव्हापासनं फाईनचा भाव थोडा चढला असेल हे धरूनही आता तूच सांग, ३,५०० कमी आहेत का? मी म्हणेन ठीक आहेत, ४,००० पर्यंत ताणून बघ.

टाचणीच्या भोकांबद्दल थोडं सांगतो, कारण परदेशी कॅटलॉग वाचून लोक उगाच घाबरतात. आपल्याकडं बँका गड्ड्या टाचून, स्टेपल मारूनच द्यायच्या. रिझर्व्ह बँकेनं २००१ साली बँकांना स्टेपल मारणं बंद करायला सांगितलं, तोवर कोऱ्या नोटेलाही भोकं असायचीच. त्यामुळं जुन्या भारतीय नोटेला डाव्या बाजूची दोन-चार भोकं इथला बाजार माफ करतो, यूएनसी म्हणूनच विकली जाती. पण भोकं फाटून एकमेकांत मिसळली असतील, स्टेपलचा गंज लागून तपकिरी डाग पडला असेल तर माफी नाही.

माफी नाही अशा अजून दोन गोष्टी म्हणजे धुणं आणि इस्त्री. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं (इथं धोक्याची पातळी ४५ आहे), मारुती चौकातल्या एका ओळखीच्या माणसाचे दोन अल्बम खालच्या कपाटात होते. पाणी उतरल्यावर काढले तर प्लॅस्टिकच्या पाकिटांना नोटा चिकटलेल्या आणि गाळाचा वास. त्यांच्या घरच्यांनी मायेनं काय केलं, नोटा साबणाच्या पाण्यात धुतल्या, दोरीवर वाळवल्या आणि सुती कापड ठेवून इस्त्री फिरवली. लांबनं बघितलं तर झकास, कोऱ्यासारख्या सपाट. मी हातात घेतली तेव्हा कळलं की आवाजच येत नाही. कोऱ्या नोटेला एक कडक आवाज असतो, बोटात धरून हलवली की पापडासारखी वाजती, ही मात्र जुन्या धोतराच्या कापडासारखी मऊ. उजेडात तिरकी धरली तर घडी सपाट झालेली पण रेघ तशीच. मागच्या बाजूनं नंबरावर बोट फिरवलं की छपाईच्या दाबाचा उंचवटा लागायला हवा, तो इस्त्रीनं बसून गेलेला. आणि नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरल्या तर अख्खी नोट फटक पांढरी चमकली, कारण साबणाच्या पावडरीत कपडे उजळ दिसावेत म्हणून जे घालतात ते कागदात बसतंय. नोटेचा कागद स्वतः असा चमकत नाही. तेव्हापासनं मी कुठल्याही "यूएनसी" नोटेला आधी निळा दिवा दाखवतो, मग दराचं बोलतो. त्या माणसानं नोटा नुसत्या ओल्या ओल्या सुट्या करून टिपकागदावर सावलीत ठेवल्या असत्या तर निम्मी किंमत तरी वाचली असती. असो, पूर आला की माणूस आधी धान्य वाचवतो, नोटांचा विचार कोण करणार.

ग्रेडवर, म्हणजे नोटेच्या अवस्थेवर, एवढं लिहिलं कारण भावाचं सगळं इथंच अडलेलं असतंय. पूर्वी, म्हणजे मी नवीन होतो तेव्हा, यूएनसी आणि व्हेरी फाईनमध्ये तिप्पट-चौपट फरक असायचा. आता बऱ्याच नोटांत तो आठपट-दहापट झालाय. याला कारण म्हणजे पाकीटबंद ग्रेडिंग. पीएमजीसारख्या अमेरिकन कंपन्या नोट तपासून ७० पैकी मार्क देतात आणि प्लॅस्टिकच्या कवचात बंद करून पाठवतात. ६० पासनं वर अनसर्क्युलेटेड, पण ६४ आणि ६६ यांत डोळ्याला फरक दिसत नाही आणि दरात दुप्पट फरक पडतो, कारण मोठे कलेक्टर "सगळ्यात वरचा ग्रेड माझ्याकडं" या हट्टानं भांडतात. ६५ च्या पुढं जायला कागद मूळचा आहे, धुतलेला-दाबलेला नाही, असा शेरा लागतो. यामुळं झालं काय की वरच्या रकान्यातले भाव पळाले आणि खालचे जागेवर राहिले. म्हणून जुना कॅटलॉग आणि नवा कॅटलॉग शेजारी ठेवले तर तुला वाटतं की "नोट पाचपट झाली", तसं नाही, तिची कोरी बहीण पाचपट झाली, तुझी दीडपट झाली असेल. आणि मध्यंतरीची महागाई धरली तर तीही नाही.

आता कॅटलॉगात भाव येतो कुठनं ते सांगतो. जगभरच्या नोटांचा जो मोठा कॅटलॉग होता, ज्यातले नंबर अजून सगळे वापरतात, त्याची सुरुवात अल्बर्ट पिक नावाच्या जर्मन माणसानं केली, म्हणून "पिक नंबर" म्हणायची पद्धत. त्यात भाव डॉलरमध्ये, आणि भारतासारख्या देशाचे भाव ठरवणारी माणसं मोजकी. त्यातला दर घेऊन कुणी डॉलरच्या आजच्या भावानं गुणतो आणि खूश होतो, पण तो छापला तेव्हा डॉलर ४५ ला होता आणि इथल्या बाजारात तेव्हाचा भाव तसाही वेगळाच चालायचा. छापणारी कंपनी २०१९ मध्ये दिवाळ्यात निघाली, तेव्हापासनं तर तो जुना दर म्हणजे थांबलेलं घड्याळ आहे. आपल्या नोटांसाठी रेझवान रझाक आणि किशोर झुनझुनवाला या दोन अभ्यासकांचं काम मी प्रमाण मानतो, आणि तेही भावासाठी नाही, तर कुठली नोट कुठल्या सहीत, कुठल्या वर्षात, कुठल्या इनसेट लेटरमध्ये (नंबराजवळ छापलेलं बारीक अक्षर) आली, हे कळावं म्हणून.

मी कॅटलॉग कसा वापरतो ते ऐक, तुला हेच पाहिजे. मी भाव बघतच नाही, प्रमाण बघतो. समजा जुन्या कॅटलॉगात एकाच ग्रेडमध्ये 'अ' नोट १०० ला आहे आणि 'ब' ७०० ला. म्हणजे ज्यानं लिहिलं त्याच्या मते 'ब' सातपट अवघड. आज 'अ' नोट बाजारात रोज विकली जाती, तिचा भाव मला पक्का माहितीय, समजा २५०. मग 'ब' साधारण १,७०० च्या आसपास असायला हवी. कुणी मला ती ९०० ला द्यायला लागला तर मी लगेच खिशात हात घालत नाही, आधी विचार करतो की का? एक तर नोटेत खोट आहे, नाहीतर कुठंतरी तिची गड्डी फुटलीय, म्हणजे एकदम बराच माल बाजारात आलाय. आणि कुणी ४,००० सांगितले तर या वर्षात त्या नोटेचं काहीतरी नवीन कळलंय आणि ते मला माहीत नाही. दोन्ही वेळा प्रमाणानं मला थांबवलं, एवढं त्याचं काम. आकडे शिळे होतात, पण अवघड नोट अवघडच राहती, जोवर कुणाच्या माळ्यावरनं पोतं निघत नाही तोवर.

हे प्रमाण कशावर ठरतं ते तुझ्याच नोटेवर बघ. सहाव्या जॉर्जच्या शंभरच्या नोटांवर सर्कलचं म्हणजे शहराचं नाव असायचं. मुंबई, कलकत्ता, मद्रास, दिल्ली, कानपूर, लाहोर, कराची. आपल्या भागात साहजिकच मुंबईच्या निघतात, त्याच सगळ्यांकडं आहेत. तीच नोट, तीच सही, तोच ग्रेड, पण कराची किंवा लाहोर असेल तर भावाची पट्टीच वेगळी. सहीचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या नोटा १९३८ मध्ये आल्या त्या तेव्हाचे गव्हर्नर टेलर यांच्या सहीनं, देशमुख १९४३ ते ४९ गव्हर्नर होते आणि युद्धाचा काळ असल्यानं नोटा भरपूर छापल्या गेल्या. रायगडचा मराठी माणूस, पहिला भारतीय गव्हर्नर, म्हणून आपल्याकडं त्यांच्या सहीला मागणी कायम आहे, पण मालही कमी नाही, त्यामुळं भाव धिम्या गतीनं चढतो.

सहीवरनं अजून एक. लोकांना वाटतं गव्हर्नर थोडे दिवस होता म्हणजे नोट दुर्मीळ. तसं गणित नाही. आंबेगावकर १९५७ मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते, त्या पदावरनं त्यांच्या सहीची नोटच नाही, पण त्याआधी अर्थ खात्यात असताना एक रुपयाच्या नोटेवर त्यांची सही आहे (एक रुपयाची नोट सरकारची असती, रिझर्व्ह बँकेची नाही, म्हणून तिच्यावर अर्थ सचिव सही करतो). उलट आडारकर १९७० मध्ये तसेच दीड महिनाभर होते, पण गांधी शताब्दीच्या दोन, पाच, दहा आणि शंभरच्या नोटांवर त्यांची सही सापडते. माणूस खुर्चीवर किती दिवस बसला हे नाही, छपाईच्या प्लेटवर किती दिवस बसला ते बघायचं.

होडीवाल्या दहाच्या नोटेकडं येतो. १९६७ मध्ये नोटांचा आकार लहान केला, तुझी त्याआधीची मोठी आहे. फोटोत सही गव्हर्नर अय्यंगारांची वाटतीय, पण पक्की दिसत नाही; तीच असेल तर नोट १९५७ ते ६२ मधली. यात मजा अशी की स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या काही नोटांवर हिंदीत "रुपया" असं एकवचन छापलंय आणि मग वाद होऊन "रुपये" झालं. आपल्या शाळेतली पोरगी पण सांगेल की दहा असतील तर रुपये, पण सरकारी कागदावर ते ठरायला १९५३ उजाडलं. असल्या एका मात्रेवरनं कॅटलॉगात वेगळी ओळ आणि वेगळा भाव पडतो, आणि ट्रंक उघडणाऱ्याला हे दिसत पण नाही.

भाव वर-खाली का होतात, तर बऱ्याच वेळा नोटेत काही झालेलं नसतं, बातमीत झालेलं असतं. मार्च २०१५ मध्ये एक रुपयाची नोट वीस वर्षांनी परत आली, तेव्हाचे अर्थ सचिव मेहरिशींची सही. पहिल्या महिन्यात मिळेना, मी मूर्खासारखी एक नोट सव्वाशेला घेतली, पुण्यातनं मागवून. वर्षभरात गड्ड्याच्या गड्ड्या आल्या आणि तीच नोट तीस-चाळीसला कुणी विचारेना. बायकोनं अजून ती नोट विसरलेली नाही. स्टार नोटांचं पण तेच झालं, २००६ मध्ये दहा-वीस-पन्नासच्या नोटांत खराब निघालेल्या नोटेच्या जागी घालायच्या नोटेला नंबरात तारा छापायला लागले, सुरुवातीला लोक वेड्यासारखे जमवत होते, मग कळलं की तारा म्हणजे दुर्मीळ असं नाही, कुठल्या प्रीफिक्समधला (नंबराआधीची अक्षरं) तारा त्याला किंमत. मनमोहन सिंग गेले डिसेंबर २०२४ मध्ये, दुसऱ्या दिवसापासनं त्यांच्या सहीच्या नोटा दुप्पट भावानं दिसायला लागल्या. ते अर्थ सचिव असताना एक रुपयावर आणि १९८२ ते ८५ गव्हर्नर असताना बाकी नोटांवर सही आहे, म्हणजे दोन्हीकडं असणाऱ्या मोजक्या माणसांपैकी, संग्रहात असावीच अशी सही. पण त्या नोटा काही दुर्मीळ नाहीत, घराघरांत आहेत. ज्यांनी त्या आठवड्यात घेतल्या त्यांनी भावनेचे पैसे मोजले, त्यात गैर काही नाही, पण त्याला बाजारभाव म्हणू नये.

आणि लंडनची बातमी तर तू पण वाचली असशील, शंभरची हजवाली नोट लिलावात पन्नास लाखांच्या वर गेली. त्यानंतर मला आठवडाभर फोन, "आमच्याकडं पण जुनी शंभरची आहे". अरे ती नोट वेगळी, १९५९ च्या सुमाराला हज यात्रेकरूंसाठी काढलेली, नंबराच्या आधी एचए अक्षरं, रंग वेगळा, आणि भारतात चालायची नाही. त्याच वेळी आखाती देशांसाठी झेड प्रीफिक्सच्या वेगळ्या रंगातल्या नोटा निघाल्या, कारण आपले रुपये तिकडं जायचे आणि सोनं होऊन चोरून परत यायचं. मोजक्या छापलेल्या, वापरून संपलेल्या आणि शिल्लक राहिलेल्या त्याहून मोजक्या. घरातल्या साध्या जुन्या नोटेवरही शंभर लिहिलंय म्हणून तिला हजवाल्या नोटेचा भाव येत नाही.

लिलावाचा आकडा वाचताना अजून एक धर. हातोडा पडला तो भाव वेगळा, घेणाऱ्यानं त्यावर कमिशन आणि टॅक्स भरला तो वेगळा, आणि विकणाऱ्याच्या हातात त्याचं कमिशन कापून पडलं ते तिसरंच. समजा १०,००० ला हातोडा पडला तर घेणाऱ्याचे १२,००० गेलेले असू शकतात आणि देणाऱ्याला ८,५०० मिळालेले. बातमीत यातला मोठा आकडा येतो. शिवाय लिलावात दोन हट्टी माणसं असली की भाव कुठंही जातो, त्यातला एक पुढच्या वेळी नसला की तीच नोट निम्म्यात पडती. म्हणून मी एका निकालावर कधी जात नाही, माझ्याकडं एक हिशोबाची लांब वही आहे, तिच्यात नोट, ग्रेड, तारीख आणि हातोड्याचा भाव लिहितो, तीन निकाल जमल्याशिवाय त्या नोटेचा भाव मला कळला असं मी धरत नाही, आणि तीनमधला मधला घेतो, वरचा नाही.

गड्डीचं गणित सोपंय. एका नोटेला ६० म्हणजे शंभर नोटांना ६,००० हे फक्त कागदावर. साठ रुपये देणारं गिऱ्हाईक एक नोट घेतं आणि घरी जातं, तुला शंभर गिऱ्हाइकं पाहिजेत, ती सांगली-मिरज मिळून नाहीत. सागर सम्राटवाल्या एक रुपयाच्या गड्ड्या अजून निघतात, लोकांनी लग्नाच्या पाकिटासाठी ठेवलेल्या. तरी १,८०० मला थोडे कमी वाटतात. नंबर ०१ पासनं १०० पर्यंत सलग आहेत का, बँकेची कागदी पट्टी आणि शिक्का जागेवर आहे का, मधली एखादी नोट बदललेली नाही ना, हे बघ. सगळं जागेवर असेल तर अख्खी गड्डी म्हणून घेणारे असतात आणि ते जास्त देतात. एक नोट काढून मित्राला दिलीस की ती गड्डी राहत नाही, नव्याण्णव सुट्या नोटा होतात. सलग नंबरांत ७८६ येतो का तेही बघून ठेव, त्याला हौशी गिऱ्हाईक असतं, चारशे-पाचशेपर्यंत मी जाताना बघितलंय. लाख कुणी देत नाही.

ट्रॅक्टरवाल्या पाचच्या नोटा खर्चून टाक किंवा भाच्याला दे. त्यांच्यावर पाच लाख देतो म्हणणारा आधी "रजिस्ट्रेशन", मग "जीएसटी", मग "रिझर्व्ह बँकेची फी" मागतो. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही नाही, आमच्या नावानं कुणी कमिशन मागितलं तर देऊ नका. आपल्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांचे यात अडतीस हजार गेले, पाचच्या एका नोटेपायी, आणि ती नोट शेवटी त्यांच्याकडंच राहिली. विकणाऱ्याकडनं आधी पैसे मागणारा खरेदीदार मी चाळीस वर्षांत बघितला नाही.

तू शेवटी सहज लिहिलंयस की २०१६ ला बंद झालेल्या पाचशेच्या १४ नोटा पण निघाल्या. त्यांची काळजी घे जरा. कायद्यानं दहापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, अभ्यास किंवा संग्रहासाठी असतील तर २५ पर्यंत चालतात, नाहीतर दंड किमान दहा हजार. तू संग्राहक म्हणवणार असशील तर तशा लावून ठेव, नाहीतर दहा ठेवून बाकीच्यांचा विषय वकिलाला विचारून संपव. भाव म्हणशील तर त्यांना भाव नाही, अपवाद फक्त गमतीच्या नंबरांचा.

ठेवायचं कसं विचारलंयस. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको, रबरबँड आजच्या आज काढ (गड्डीची पट्टी नव्हे, रबर). मऊ वासाचं प्लॅस्टिक असतं ते पीव्हीसी, दोन-चार वर्षांत नोट चिकट करतं, पॉलिस्टरची कडक पाकिटं मिळतात ती घे. आणि नदीकाठी राहत असशील तर वरच्या कपाटात.

विकायची घाई नसेल तर शंभरची नोट पुण्या-मुंबईच्या कॉइन फेअरला तीन टेबलांवर दाखव, पण तिन्हीकडं "तुम्ही कितीला घ्याल" एवढंच विचार, दुसऱ्यानं काय सांगितलं ते बोलू नकोस. होडीवालीचं मी आत्ता सांगत नाही. फोटोत नंबराच्या पट्टीच्या खाली बारीक अक्षर आहे का नुसती मोकळी जागा ते दिसत नाही, तुझा अंगठा आलाय तिथं. आणि हिंदीत "रुपया" आहे का "रुपये" तेही अंधुक आलंय. अंगठा काढून, खिडकीजवळच्या उजेडात, दोन्ही बाजूंचा एकेक फोटो परत पाठव.